मालवणला पहिल्यांदा जाताना

मालवणला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी राहायची जागा शोधतात, मग रेल्वेचं तिकीट काढतात आणि काय काय बघायचं याची यादी गाडीत बसल्यावर करतात. मी सांगेन, आधी पंचांग उघडा. मालवण हे शेकडो वर्षांचं बंदर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी, मासळीचा लिलाव, रापणीची मासेमारी, देवबागच्या खाडीतली फेरी, सगळं इथे पाण्याच्या वेळेवर चालतं. तिथीवरून ती वेळ कळली की दोन दिवसांतही भरपूर बघून होतं.

पहिला प्रश्न मोसमाचा. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडीसेवा आणि पाण्यातले सगळे खेळ बंद असतात. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. पावसातला सिंधुदुर्ग जिल्हा फार सुंदर दिसतो, पण तो आंबोलीच्या घाटात आणि गावागावांतल्या भातखाचरांत. त्या दिवसांत समुद्र लांबूनच बघायचा. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, नारळ लढवायला गर्दी जमते आणि नवा हंगाम सुरू होतो. तरी सप्टेंबरभर पाणी गढूळ आणि खवळलेलंच असतं. पहिल्या भेटीसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी असते, पाणी निवळलेलं असतं आणि सकाळी समुद्र शांत असतो.

याच काळात दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. नाताळ ते नववर्ष हा आठवडा शक्यतो टाळा. तारकर्ली-देवबागचा रस्ता अरुंद आहे आणि त्या दिवसांत गाड्या तासन्‌तास अडकतात. दुसरी गोष्ट आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. ही मालवण तालुक्यातच, मसुऱ्याजवळ भरते, बहुधा फेब्रुवारीच्या सुमारास. तिची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि मग जाहीर होते. जत्रेला लाखो माणसं येतात, मुंबईहून जादा गाड्या सुटतात आणि तालुक्यात खोली मिळणं अवघड होतं. जत्राच बघायची असेल तर जरूर जा, मात्र त्याच दिवसांत समुद्रकिनारी निवांतपणा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि दिवाळीच्या पाडव्याला मालवणात असाल तर समुद्र बाजूला ठेवा. त्या दिवशी ग्रामदैवत रामेश्वर आणि नारायणाची पालखी गावप्रदक्षिणेला निघते.

आता भरती-ओहोटी. कोकणात एक जुना हिशेब आहे. पक्षातल्या तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हीच वेळ दिवसाही आणि रात्रीही, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी, जिला इथे सुकती म्हणतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तासाचा गुणाकार आला तो त्यातूनच. हा हिशेब अर्ध्या-एक तासाने चुकू शकतो, पण सहलीचा दिवस आखायला पुरेसा आहे. होडीवाल्याला विचारलंत तर तो नेमकी वेळ सांगेल.

वेळेइतकंच पाणी किती चढतं-उतरतं हेही बघायला हवं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सौम्य. मालवणात उधाणाचा फरक साधारण दोन मीटर, मुंबईपेक्षा बराच कमी. पण सपाट वाळूवर दोन मीटर म्हणजे किनाऱ्याची रुंदी पार बदलते. पौर्णिमेला दुपारी बाराला चिवला किनाऱ्यावर गेलात तर बसायला जेमतेम पट्टा मिळेल. संध्याकाळी पाचला त्याच ठिकाणी लांबवर ओली, टणक वाळू पसरलेली दिसेल. मुलांना मनसोक्त पळू द्यायचं असेल तर ती वेळ गाठा.

याचा सर्वांत जास्त उपयोग देवबागला होतो. देवबाग ही कर्ली नदीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगणातून खाडी दिसते, पलीकडच्या माडांतून समुद्र. पट्टी संपते तिथे संगम आणि संगमाजवळ वाळूचं एक बेट. लोक त्याला २००४च्या त्सुनामीशी जोडतात आणि त्सुनामी आयलंड म्हणतात. पाणी उतरलेलं असताना बेट मोकळं होतं, भरतीला त्यावर पाणी चढतं. म्हणून तिथली फेरी ओहोटीच्या वेळी घ्यायची. चतुर्थी ते षष्ठी या तिथींना ओहोटी सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते, तेव्हा ऊनही बेताचं आणि वाराही पडलेला. माझ्या मते पहिल्या सहलीसाठी महिन्यातले हेच दिवस सोयीचे, शुद्ध पक्षातले असोत की वद्य. संगमावर पोहायला मात्र उतरू नका. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावत असतं आणि वरून ते संथच दिसतं.

सकाळचा आग्रह आणखी एका कारणासाठी. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. त्यांनी लाट दबते. दुपारी जमीन तापली की खारे वारे उलट दिशेने सुटतात, पाण्यावर खळबळ होते आणि तळाची वाळू ढवळली जाते. पाण्याखालचं बघायचं असेल तर सकाळी आठ-नऊची वेळ घ्या. किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे आणि त्याच्या आसऱ्याने राहणारे रंगीत मासे. या परिसरातलं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. प्रवाळ सजीव आहे आणि फार सावकाश वाढतं. त्यावर पाय टेकू नका आणि आठवण म्हणून तुकडाही उचलू नका. स्कूबा नीट शिकायचं असेल तर तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे.

किल्ल्याला मात्र घाईने जाऊ नये. सिंधुदुर्गची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. मालवणच्या किनाऱ्यावर जिथे पूजन झालं तो मोरयाचा धोंडा आजही आहे. होडीत बसण्याआधी तिकडे पाच मिनिटं जाऊन या. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची तटबंदी सुमारे तीन किलोमीटर नागमोडी फिरते, क्षेत्र साधारण ४८ एकर. होडी किल्ल्याच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, कारण तो दोन बुरुजांच्या वळणाआड लपवला आहे. होडी वळते तेव्हा नीट बघा. तो क्षण बहुतेकांचा फोटो काढण्यात निसटतो. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं. दरवाजाजवळ चुन्यात उमटलेले हाता-पायाचे ठसे आहेत, ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, तेव्हा कुणाच्या अंगणातून जाताना आवाज कमी ठेवा. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या बारा मराठा किल्ल्यांमध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. होडीवाले परतण्यासाठी ठरावीक वेळ देतात आणि तटावरून पूर्ण फेरी मारायला ती अपुरी पडते. म्हणून सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एक पकडा आणि निघण्याआधीच, मागच्या होडीने परतलो तर चालेल का, हे विचारून घ्या.

तारखा ठरल्या की मग प्रवास. मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळ किंवा कणकवलीला उतरावं. कुडाळहून मालवण साधारण २८ किलोमीटर, कणकवलीहून चाळीसच्या पुढे. कुडाळहून एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात, पण रात्री उशिरा पोहोचणार असाल तर राहण्याच्या ठिकाणी सांगून गाडी ठरवून ठेवा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या बघता बघता भरतात. गणेशचतुर्थीला तर चाकरमान्यांचीच सोय होणं मुश्कील, पर्यटकाने त्या आठवड्यात तिकीट अडवू नये. कोल्हापूरकडून येणारे गगनबावडा किंवा फोंडा घाटाने उतरतात, बेळगावकडचे आंबोलीने. विमानाचा पर्याय जवळच चिपीला आहे, पण तिथली उड्डाणं कमी-जास्त होत असतात. गोव्यातलं मोपा जास्त भरवशाचं.

नकाशा बघताना एक ध्यानात ठेवा. या किनाऱ्याला खाड्यांनी जागोजागी कापलं आहे. देवबागच्या टोकावरून समोर भोगवे दिसतं, होडीने काही मिनिटांत गाठता येतं, पण गाडीने कर्लीच्या पुलावरून परुळेमार्गे वळसा घालावा लागतो. उत्तरेला सर्जेकोट आणि तळाशील यांच्यातही कालावलची खाडी आडवी येते. म्हणून एका दिवसात मालवण, वेंगुर्ला, देवगड आणि विजयदुर्ग असा बेत करू नका. तीन रात्री असतील तर दोन दिवस मालवण-तारकर्ली-देवबाग आणि एक दिवस उत्तरेला किंवा दक्षिणेला, बस्स.

राहायला गावातल्या घरगुती न्याहारी-निवासाची जागा घ्या. खर्च कमी येतो, आणि पाणी कधी चढेल, रापण कुठे लागली आहे हे घरातल्या माणसांकडून कळतं. रापण हा या किनाऱ्याचा जुना मासेमारीचा प्रकार. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसं ओढतात. दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, जाळ्याचा घेर लहान होत येतो आणि शेवटी वाळूवर बांगडे-तारल्यांची चंदेरी तडफड. मासळी विकून आलेल्या पैशांचे वाटे पडतात. ओढायला हात लावू का, असं विचारलंत तर सहसा कुणी नको म्हणत नाही. संध्याकाळी बंदराजवळचा लिलावही बघा, पण बोली चालू असताना टोपल्यांच्या मध्ये उभे राहू नका. कुणाचा तरी दिवसभराचा हिशेब तिथे ठरत असतो. जेवताना थाळीतला मासा कोणता आणि आज त्याचा दर काय, हे आधी विचारावं. सुरमईचाच हट्ट नको. खाडीतली काळुंदर किंवा तांबोशी, तिसऱ्यांचं सुकं, भाकरी आणि वर सोलकढी मिळाली तर तेच घ्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. दोन्ही वेळी पावसाळा सुरू झालेला नव्हता. होडीत बसताच जीवरक्षक जॅकेट घाला आणि त्याचे पट्टे बांधा, नुसतं गळ्यात अडकवू नका. होडीत माणसं जास्त वाटली तर उतरा आणि पुढच्या होडीची वाट बघा. मासेमार, शहाळी विकणारी बाई, शाळकरी पोर, किनाऱ्यावरचं कुणीही “हयसर पाण्यात उतरू नकात” असं म्हणालं तर कारण विचारत बसू नका, त्याच पावली मागे फिरा.