उघडलेलं पातं मिटत का नाही?

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या मराठी घरांमध्ये ओट्याखाली बऱ्याचदा एक घडीची विळी असते. गावाकडून येताना सामानात मावावी म्हणून घडीची. तिच्यावर कांदा चिरताना एक गंमत घडते. आपण कांदा पात्यावर रेटतो तेव्हा सगळा जोर पात्याला आपल्यापासून दूर ढकलत असतो आणि मिटायचं असतं ते आपल्याच बाजूला, पाटावर. म्हणजे जितकं जोरात चिराल तितकं पातं उघडंच राहणार!

खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूचंही तेच. कापताना पातं आपोआप उघडं राहतं. घात होतो तो उलट्या जोराने: टोकाने पुठ्ठ्याला भोक पाडताना, किंवा रुतलेलं पातं हिसकताना. मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत तेव्हा आपलीच चार बोटं असतात.

फ्रान्सच्या सावोआ प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये लाकडी मुठीचा साधा, स्वस्त चाकू केला. त्याला पातं उघडं धरून ठेवणारं लॉक नव्हतं. ते आलं 1955 मध्ये: मुठीच्या गळ्याशी फिरणारी चिरलेली कडी. कडी फिरवली की पात्याची परतीची वाट बंद. चाकू सुरेखच, पण लाकूड दमट हवेत फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. दुबईच्या ऑगस्टमध्ये तो रुसला तर नवल नाही.

मला खरं वेड लावलं ते मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने 1980 च्या दशकात घडवलेल्या लायनर लॉकने. मुठीच्या आतल्या धातूच्या अस्तरालाच उभी चीर देऊन एक पट्टी मोकळी करायची आणि ती किंचित आत वाकवायची. पातं मिटलेलं असताना ती बाजूला दबून राहते. उघडलं की टक्कन पात्याच्या बुडामागे येऊन बसते. पात्याचं बूड सपाट नसतं, त्याला साधारण सात-आठ अंशांचा उतार असतो. वापरून पट्टी झिजली की ती त्या उतारावर जराशी पुढे सरकते, त्यामुळे पातं डुगडुगत नाही. झीज होणारच, हे आधीच धरून केलेली रचना! उतार जास्त झाला तर पट्टी निसटते, कमी झाला तर अडकून बसते.

त्याच पट्टीत जेमतेम दीड मिलिमीटरची एक गोळी ठोकलेली असते. पातं मिटलं की ती बुडावरच्या बारीक खळग्यात बसते, म्हणून चाकू खिशात आपोआप उघडत नाही. (ऊद मेथा स्टेशनवरून मेट्रो धरणाऱ्यांनी तो घरीच ठेवावा, धारदार वस्तूंना तिथे मनाई आहे.)

खिशात बाळगायचा चाकू हलकाही हवा. मग वजन कमी करायचं कुठून? पात्यातून फारसं नाही, मुठीतून. 2017 मध्ये आलेला बेंचमेड कंपनीचा बगआउट हा चाकू आठ सेंटिमीटरचं पातं घेऊनही सुमारे 52 ग्रॅमचा आहे. त्याची मूठ काचतंतू घातलेल्या नायलॉनची. पोलादी अस्तर मुठीच्या अख्ख्या लांबीचं नाही. जोर जिथे येतो तिथे, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या खिळीच्या आणि लॉकच्या आसपासच ठेवलंय.

राहता राहिला गंज. खाडीलगतच्या खारट दमटपणात साधं कार्बन पोलाद लवकर डाग धरतं. स्पायडर्को कंपनीने तिच्या सॉल्ट मालिकेत एच-1 पोलाद वापरलं. त्यात कार्बन कमी असतो आणि नायट्रोजनही असतो. ते सहसा गंजत नाही, मात्र साध्या धारेचं पातं थोडं लवकर बोथटतं, त्यामुळे दगडावर घासायची तयारी ठेवावी लागते.