गर्भारपणाची अखेरची तिमाही

व्यापारी कुटुंबांना ‘तिमाही’ हा शब्द अपरिचित नाही. आर्थिक वर्षाची अखेरची तिमाही लागली की येणी-देणी, शिल्लक माल आणि करभरणा यांकडे सारे घर डोळ्यांत तेल घालून पाहते. गर्भारपणालाही अशीच अखेरची तिमाही असते. २८ वा आठवडा लागला, म्हणजे साधारणतः सातव्या महिन्यात, ती सुरू होते. घरात डोहाळजेवणाचा मुहूर्त निघतो, साड्यांची खरेदी होते. मात्र ज्या स्त्रीसाठी हा सोहळा, तिची विचारपूस पुष्कळदा ‘बरी आहेस ना?’ या एका प्रश्नावर संपते. तीही ‘बरी आहे’ म्हणून मोकळी होते.

या टप्प्यावर बाळाचे वजन सुमारे १ किलो असते आणि पुढील १२ आठवड्यांत ते अडीच-तीन किलोंपर्यंत जाते. गर्भाशय वर सरकल्याने थोडे चालले तरी धाप लागते, छातीत जळजळते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, लघवीसाठी वारंवार उठावे लागते. दुकानाच्या गादीवर तासन्‌तास बसणे किंवा ओट्यापाशी सतत उभे राहणे आता जड जाते. झोपताना कुशीवरच झोपावे. पाठीवर झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून बाळाचा रक्तपुरवठा घटू शकतो.

बाळाची ठेव

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांना पुरेल एवढे लोह बाळ बहुतांशी याच तिमाहीत आईकडून साठवून घेते. आईच्याच खात्यात शिल्लक नसेल, तर ही ठेव जमा व्हावी कोठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील सुमारे ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. घर संपन्न आहे, एवढ्यावरून त्यापासून अभय मिळत नाही.

‘गाजर-बीट खा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरात निरुपयोगी ठरतो; चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्याही बंद असतात. त्याची खंत करण्याचे कारण नाही. मटकी, मसूर, हरभरा, राजगिरा, खारीक, मनुका यांतून लोह मिळते. जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर ते अधिक शोषले जाते. जेवणालगतचा चहा मात्र हे शोषण कमी करतो. तरीही केवळ आहार पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेली लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. म्हणून दूध-दही आहारात असावे आणि त्याची तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

व्रत आणि आगार

सूर्यास्तापूर्वी चौविहार आणि सकाळी नवकारशी, म्हणजे हिवाळ्यात जवळजवळ १४ तास अन्नपाण्यावाचून जातात. या महिन्यांत गर्भवतीच्या रक्तातील साखर उपाशीपोटी इतरांपेक्षा लवकर उतरते आणि शरीराला पाणी कमी पडते. गर्भारपणातील मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू असेल, तर धोका अधिकच वाढतो. पच्चक्खाणाच्या पाठातच ‘आगार’ सांगितलेले आहेत. समाधी टिकावी यासाठी औषधादींची मोकळीक त्यांत आहे. म्हणून चौविहाराऐवजी तिविहार करावा की नियम काही काळ बाजूला ठेवावा, हे डॉक्टरांचा सल्ला समोर ठेवून साधू-साध्वीजींना विचारावे. हा विषय सासूबाईंनी स्वतःहून काढावा. सुनेला तो काढताना संकोच वाटतो.

त्रिशलामातेची चिंता

श्वेतांबर परंपरेत पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते. आईला पीडा होऊ नये म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले, तेव्हा गर्भाच्या काळजीने त्रिशलामाता व्याकूळ झाल्या, राजवाड्यातील वाद्ये थांबली आणि गर्भाची हालचाल पुन्हा जाणवल्यावरच सर्वांचा जीव भांड्यात पडला, हा प्रसंग त्यात येतो. आईच्या त्या एका जाणिवेने सारा राजवाडा थबकला होता. आपल्या घरांनी या प्रसंगातून एवढे तरी घ्यावे.

‘नववा लागला की बाळ शांत होते’ असे घरोघरी सांगितले जाते. हा समज चुकीचा आणि घातक आहे. हालचालींची धाटणी बदलू शकते. पण त्या प्रसूतीपर्यंत कमी होता कामा नयेत. शंका आल्यास आईने कुशीवर शांत पडून लक्ष द्यावे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा हालचाल स्पष्टपणे मंदावली, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात कळ, रक्तस्राव किंवा पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तरी हाच नियम लागू.

घराची तयारी

पहिल्या बाळंतपणासाठी सूनबाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, तेव्हा डॉक्टरही बदलतात, आणि तेही नेमक्या नाजूक काळात. तपासण्यांचे सर्व अहवाल, सोनोग्राफी, रक्तगट आणि चालू औषधांची यादी असलेली फाईल तिच्यासोबत गेलीच पाहिजे. विम्याची कागदपत्रे व काही रोख रक्कम एकाच पिशवीत ठेवावी. केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. दुकानात व घरात काम करणाऱ्या भगिनींपर्यंत ही माहिती पोहोचवणे हेही मालकाचे कर्तव्य आहे.

दुकान सीझनमध्येही चालूच राहते. त्या गर्दीत रात्री गाडी कोण काढणार, हे आधीच ठरलेले असावे. आणि तिने ‘आज काहीतरी वेगळे वाटते’ एवढेच म्हटले, तरी कारण न विचारता ती गाडी निघावी.