शिष्यवृत्तीची खिडकी आणि ब्राऊजरचा अडसर

पुणे जिल्हा म्हटला की हिंजवडीच्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. संगणकाचा जिल्हा म्हणून त्याचा सर्वत्र डांगोरा पिटला जातो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत, याची आठवण किती जणांना असते? (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, लोकांच्या तोंडी मात्र वेल्हेच आहे.) भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणे इथली, पाणी मात्र खालच्या बागायतीला. संगणकाचेही तसेच झाले आहे. जिल्हा संगणकाचा, पण इथल्या वाडीवरच्या मुलीला शिष्यवृत्तीचा एक फॉर्म भरायचा तर दोन दिवस मोडतात.

मागच्या हंगामात घडलेली गोष्ट सांगतो. वेल्ह्याकडच्या एका बौद्धवाडीतली मुलगी बारावी होऊन पुढच्या शिक्षणाला लागली होती. शिष्यवृत्तीचा अर्ज ती मोबाईलवरच भरत होती. घरात रेंज नाही, म्हणून ओटीपी यावा यासाठी वाडीच्या वरच्या टेकावर जाऊन बसायचे. सगळी माहिती भरून झाली, दाखले चढवले, शेवटचे बटण दाबले, की गोल चक्र फिरत राहायचे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे चार वेळा झाले. तिने मदतीच्या क्रमांकावर फोन केला. उत्तर मिळाले, "ब्राऊजर बदलून बघा." महाविद्यालयात विचारले. तिथेही तेच, "ब्राऊजर बदलून बघ."

मुलीने मला फोन केला. "जयभीम काका, ब्राऊजर बदलायचा म्हणजे नक्की काय करायचं?"

या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. इंटरनेटवरची पाने उघडून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राऊजर. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, ऑपेरा ही त्यांची नावे. ज्याच्या टेबलावर लॅपटॉप आहे त्याला ब्राऊजर बदलणे हे एका मिनिटाचे काम. या मुलीच्या फोनमध्ये नवे काही टाकायला जागाच उरली नव्हती. म्हणून वडिलांची दिवसाची मजुरी बुडवून बापलेक वेल्ह्याहून चेलाडी फाट्याला आणि तिथून कापूरहोळमार्गे भोरला आले. सायबर कॅफेतल्या जुन्या संगणकावरही पहिल्या दिवशी काम झाले नाही. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो, तेव्हा कारण सापडले. अर्जाचे शेवटचे पान नव्या खिडकीत उघडत होते आणि ब्राऊजर ती खिडकी जाहिरात समजून अडवत होता. तशी सूचना वरच्या कोपऱ्यात येत होती. पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. दुसरा ब्राऊजर उघडला आणि पाच मिनिटांत पावती हातात आली.

पाच मिनिटांचे काम, पण त्यासाठी दोन दिवसांची मजुरी आणि चार माणशी तिकिटे गेली. चूक कोणाची होती? मुलीची तर नक्कीच नव्हती.

हा प्रश्न चळवळीचा आहे का, असे काही जण विचारतील. त्यांना इतिहास सांगावा लागेल. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यामागे बाबासाहेबांनी सरकारदरबारी केलेला पाठपुरावा होता. आज वकील, डॉक्टर, प्राध्यापक म्हणून मिरवणाऱ्या आपल्यातल्या किती तरी जणांच्या शिक्षणाच्या मुळाशी ही शिष्यवृत्ती आहे. ती जर एका अडकलेल्या खिडकीपाशी थांबत असेल, तर तो प्रश्न केवळ तांत्रिक कसा?

भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळभर पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तळ्याची आणि संगणकाची बरोबरी करायची नाही. पण कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांत अंतर असते, हे आपल्याला महाडने शिकवले आहे. वेबसाईट सर्वांना खुली आहे असे सांगितले जाते, तेव्हा ती कोणत्या फोनवर आणि कोणत्या ब्राऊजरवर खुली आहे, हे विचारायलाच हवे.

ब्राऊजरची ही कटकट मराठी वाचकाला नवी नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रांच्या वेबसाईट आपापला वेगळा फाँट वापरत. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये मजकूर नीट दिसे, पण तेच पान फायरफॉक्समध्ये उघडले तर अगम्य चिन्हांची रांगोळी. त्यावर उपाय म्हणून 'पद्मा' नावाची जोडणी फायरफॉक्सला लावावी लागे. पुढे युनिकोड आले आणि हा जाच संपला. सर्वांनी एकच मानक पाळले की कुणाला कोणाच्या दारातून जायचे याची सक्ती उरत नाही, हा त्यातला धडा.

सक्ती कुठून येते तेही पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी वेब निर्माण केले आणि १९९३ मध्ये ते कोणतेही शुल्क न लावता जगाला खुले झाले. पण लवकरच दाराशी पहारेकरी बसले. मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत इंटरनेट एक्स्प्लोरर बांधून दिला. त्यावरून १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने खटला भरला आणि कंपनीने मक्तेदारी टिकवण्यासाठी कायदा मोडला, हे २००१ च्या अपिलातही कायम राहिले. २००४ मध्ये फायरफॉक्स आणि २००८ मध्ये क्रोम आल्यावर एक्स्प्लोरर मागे पडत गेला व जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. आज जगातले सुमारे दोन तृतीयांश लोक क्रोम वापरतात. म्हणजे एक पहारेकरी गेला आणि दुसरा बसला. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये आपले ॲप्स आधीच बसवून देण्याच्या आणि अशाच अन्य प्रकारांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता.

मग सामान्य माणसाने कोणता ब्राऊजर वापरावा? क्रोमवर बहुतेक वेबसाईट चालतात, कारण बनवणारे त्यावरच तपासून पाहतात. पण तो मेमरी फार खातो, आणि त्याची मालक कंपनी जाहिरातींवर जगणारी आहे. फायरफॉक्सच्या मागे ना-नफा संस्था आहे आणि तो मराठीतही मिळतो, पण काही वेबसाईट त्यावर तपासलेल्याच नसतात. एज विंडोजसोबत येतो. २०२० पासून तो क्रोमच्याच पायावर उभा आहे, त्यामुळे क्रोमवरचे बहुतेक सारे त्यावर चालते. ऑपेरा मिनी पाने दाबून लहान करतो आणि डेटा वाचवतो, परंतु याच कारणाने मोठे फॉर्म त्यात मोडू शकतात. सर्वगुणसंपन्न असा एकही नाही. म्हणून दोन ब्राऊजर ठेवावेत, हाच व्यवहारी मार्ग.

काही साध्या गोष्टी प्रत्येक घरात माहीत हव्यात. फॉर्म अडकला तर पत्त्याच्या पट्टीजवळ खिडकी अडवल्याची खूण आहे का ते पाहावे आणि त्या वेबसाईटपुरती परवानगी द्यावी. जुना साठवलेला डेटा पुसून पुन्हा प्रयत्न करावा. मोबाईलवर 'डेस्कटॉप साईट' हा पर्याय वापरून पाहावा. पत्त्यात सरकारी 'जीओव्ही डॉट इन' आहे याची खात्री करावी. सायबर कॅफेत पासवर्ड साठवू देऊ नये आणि उठण्यापूर्वी लॉगआऊट करावे. अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. आणि शेवटच्या तारखेची वाट कधीच पाहू नये.

पण हे सारे आपणच शिकायचे आणि सरकारने काहीच करायचे नाही, असे चालणार नाही. सरकारी वेबसाईट वेगवेगळ्या ब्राऊजरवर तपासलेल्या असाव्यात, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २००९ सालीच काढली आहेत. त्यांचा अंमल स्वस्तातल्या मोबाईलवर आणि अर्ध्या रेंजमध्ये दिसला पाहिजे. अर्धवट भरलेला अर्ज आपोआप जपला जावा. चूक झाली तर ती मराठीत सांगितली जावी. वेबसाईट बंद पडली तितके दिवस मुदत वाढवून मिळावी. या मागण्या तहसीलदारांना आणि समाजकल्याण खात्याला लेखी द्याव्या लागतील. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक मिळत नसतो.

आणि समाजबांधवांनो, आपल्याही पदराकडे पाहू या. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर जितका पैसा उडतो, त्यात विहारासाठी एक जुना संगणक येतो. त्यात दोन ब्राऊजर टाकावेत, शेजारी एक प्रिंटर ठेवावा आणि शिकलेल्या एका पोराने किंवा पोरीने रविवारी दोन तास तिथे बसावे. भोरला आम्ही अशी सुरुवात करण्याचे ठरवले आहे. वेल्ह्याकडची ती मुलगी रविवारी घरी आली की पहिली पाळी तिची. "ब्राऊजर बदलायचा म्हणजे काय" हे आता ती इतरांना शिकवणार आहे.