अ‍ॅडवेअरची दलाली : पैसे कोणाचे?

अ‍ॅडवेअर म्हणजे बहुधा फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत संगणकात शिरून जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम. अ‍ॅफिलिएटला, म्हणजे दुकानाकडे गिऱ्हाईक पाठवणाऱ्या मध्यस्थाला, दलाली मिळते ती सहसा शेवटच्या क्लिकवर. ग्राहक दुकानाचा पत्ता स्वतः टाइप करतो, बूट निवडतो. पैसे भरणार तेवढ्यात अ‍ॅडवेअरचा पॉप-अप उघडतो, क्लिक कोणाची हे नोंदवणारी कुकी बदलते आणि दलाली भलत्याच्याच खात्यात पडते. बूट तेच, गिऱ्हाईकही तेच. दुकानदाराचा खर्च तेवढा वाढला. ‘वापरकर्त्याची संमती होतीच,’ असा बचाव केला जातो. पण लांबलचक करारात दडवलेली संमती अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला पुरेशी वाटली नाही. २००६ मध्ये झँगो या अ‍ॅडवेअर कंपनीने ३० लाख डॉलर भरून तडजोड केली. जाहिरातदारही सुटले नाहीत : २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलने प्राइसलाइन, ट्रॅव्हलॉसिटी आणि सिंग्युलर यांनाही पैसे भरायला लावले.