ओई नदीखालची वाट

जपानच्या यामानाशी प्रांतात ४२.८ किलोमीटरचा एक चाचणीमार्ग आहे. २१ एप्रिल २०१५ रोजी तिथे चुंबकावर तरंगणारी गाडी ताशी ६०३ किलोमीटर वेगाने धावली.

मला त्या आकड्याहून ओढ आहे ती गाडी उचलली जाते त्या क्षणाची. निघताना ती साध्या रबरी टायरांवर असते. पायाखाली घरघर, थरथर. ताशी दीडशेच्या आसपास टायर आत घेतले जातात, घरघर थांबते आणि गाडी दहा सेंटीमीटर अधांतरी जाते. डब्यांच्या कडेला नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी, द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांवर ठेवलेली. इतक्या थंडीत तारेतला विरोध नाहीसा होतो. एकदा सोडलेली वीज फिरतच राहते आणि जबरदस्त चुंबक तयार होतो. मार्गाच्या दोन्ही भिंतींतही वेटोळी आहेत. त्यांच्यासमोरून चुंबक वेगाने गेला की त्यांत वीज उत्पन्न होते आणि तीच गाडीला उचलते. वेग नाही तर उचल नाही, म्हणून टायर लागतातच. शांघायच्या चुंबकी गाडीखाली जेमतेम सेंटीमीटरभर फट असते. भूकंपाच्या जपानला ऐसपैस जागा हवी होती.

१९६४ साली पहिली शिंकान्सेन धावली, त्याच्याही दोन वर्षं आधी हे संशोधन सुरू झालं होतं. आता टोकियोचं शिनागावा ते नागोया हे २८६ किलोमीटर ४० मिनिटांत कापायचे आहेत. आज दीड तास लागतो. नव्या मार्गावर डोंगरातलं इडा हे छोटं शहर लागतं. तिथून टोकियोला बसने चार तासांहून अधिक लागतात. खरा लाभ अशा गावांचा, असं मला वाटतं.

शिझुओका प्रांताच्या वाट्याला मात्र स्थानक नाही, नुसता बोगदा. जपानच्या दक्षिण आल्प्स डोंगरांखालच्या २५ किलोमीटरांपैकी सुमारे नऊ किलोमीटर त्यांच्या हद्दीत, ओई नदीच्या उगमाकडे. बोगद्यामुळे नदीचं पाणी सेकंदाला दोन घनमीटरने घटू शकतं, असा अंदाज रेल्वे कंपनीनेच २०१३ मध्ये दिला. खाली चहाचे मळे आहेत, लाखो लोकांचे नळ आहेत. प्रांताने संमती अडवून धरली. याला आडमुठेपणा म्हणायला मी तयार नाही. घाटाखालच्या विहिरी ज्यांनी आटताना पाहिल्यात, त्यांना हा धसका समजेल. मार्ग सुरू करण्याचा २०२७चा मुहूर्त कंपनीने अखेर २०२४ मध्ये सोडला.

वरच्या अंगाला ताशिरो धरण आहे. तिथून ओईचं पाणी वीजनिर्मितीसाठी यामानाशीकडे वळवलं जातं. बोगदा खोदताना जितकं पाणी बाहेर जाईल, तितकं तिथून कमी उचलायचं, अशी तोड पुढे आली आहे.