थंडी, घाट आणि स्टिअरिंगचं तेल

डिसेंबर लागला की आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी एक गंमत दिसते. मुंबई-पुण्याची माणसं अलिबाग, काशीद, मुरूड, श्रीवर्धनला खाली उतरतात आणि आपण मात्र मुलांची सुट्टी साधून वर महाबळेश्वरला निघतो. माणगाव, महाड, पोलादपूर आणि मग आंबेनळी घाट. स्वेटर, कानटोप्या, डब्यातला खाऊ, उलटी होऊ नये म्हणून गोळी, सगळं आपण आठवणीने भरतो. गाडीचं काय? ‘ते हे बघतील’, नाहीतर ‘गॅरेजवाल्याने बघितलं असेल!’

आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. मुलांना क्लासला सोडतात, बचत गटाचा माल बाजारात पोचवतात. पण बॉनेट उघडायची वेळ आली की दोन पावलं मागे सरतात. म्हणून आज त्या बॉनेटखालच्या एकाच डबीबद्दल बोलूया. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीबद्दल.

पूर्वी गाडी वळवायची म्हणजे खांदे भरून यायचे. १९५१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या ‘इम्पीरियल’ गाडीत पॉवर स्टिअरिंग बाजारात आणलं आणि हे कष्ट कमी झाले. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेलाला दाब देतो आणि तो दाब आपल्याबरोबर चाकं वळवतो. म्हणजे आपल्या मनगटाला जोर देतं ते हे तेल.

पण थांबा, पहिला प्रश्न वेगळाच आहे. तुमच्या गाडीत हे तेल आहे का? अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते. मारुतीची स्विफ्ट २००५ मध्ये आली ती अशाच स्टिअरिंगची. तिथे पंप नाही, तेल नाही, डबीही नाही. अशा गाडीच्या बिलात कुणी ‘स्टिअरिंग ऑइल’ लिहिलं, तर ‘ते कुठे घातलंत, दाखवा’ असं शांतपणे विचारावं. जुनी सँट्रो, टॅव्हेरा, बोलेरो, इनोव्हा अशा गाड्यांतलं पॉवर स्टिअरिंग मात्र तेलावरच चालतं.

आता थंडीचा संबंध काय? हे समजायला इंजिनिअर व्हायला नको, आपली न्हाणीघरातली फळी पुरे. थंडीत पहाटे खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं, उन्हात ठेवल्याशिवाय हातावर येत नाही. शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र खुशाल ओतता येतं. थंडी तीच, तेलाचा गुण वेगळा. गाडीतही तसंच. तेल घट्ट झालं की पंपाला ते ओढायला जड जातं, सकाळी गाडी सुरू करताच ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो आणि स्टिअरिंग जड लागतं. मिनिटभरात आवाज थांबला तर घाबरायचं कारण नाही. थांबतच नसेल तर तेल कमी झालंय किंवा त्यात हवा शिरलीय असं समजावं.

मग महाबळेश्वरच्या थंडीसाठी खास वेगळं तेल घ्यावं का? दुकानदार महागडी बाटली पुढे करील, पण त्याची गरज नाही. महाबळेश्वर सुमारे ४५०० फूट उंचीवर आहे. वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात. म्हणजे पारा शून्याच्या आसपास. अनेक गाड्यांत जे लाल तेल सांगितलेलं असतं ते ‘डेक्सरॉन’ प्रकारचं. त्यातल्या डेक्सरॉन-३ च्या कसोटीत तेलाचा घट्टपणा उणे ४० अंशांना मोजलेला असतो! आपल्या घाटांना ते भरपूर झालं. काही युरोपीय गाड्यांना हिरवं सिंथेटिक तेल लागतं, तेही कडाक्याच्या थंडीत पातळ राहतं. मनाली-लेहला निघालात किंवा लेक-जावई कॅनडात असतील, तरी नियम एकच. आपल्या गाडीच्या कंपनीने मान्य केलेलं तेलच घ्यायचं.

ते कुठलं हे कसं कळणार? डबीच्या झाकणावर नाहीतर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात त्या तेलाचं नाव असतं. ते कागदावर लिहून घ्यायचं, नाहीतर मोबाइलवर फोटो काढायचा. दुकानातून सीलबंद बाटली बिलासह घ्यायची. रंगावरून तेल निवडू नये. ‘लाल म्हणजे लालच’ असं नसतं. लाल आणि हिरवं एकत्र तर कधीच करू नये. आधी काय भरलंय ते माहीत नसेल, तर वर नवीन ओतण्याऐवजी जुनं सगळं काढून बदलून घेतलेलं बरं. आणि काढलेलं तेल गॅरेजवाल्याने गटारात ओतलं नाही ना, तेही बघा. आपली गटारं शेवटी खाडीलाच मिळतात, मासळी आपणच खातो.

सगळ्यात मोठा धोका मात्र थंडीचा नाही, चुकीच्या डबीचा आहे. बॉनेटखाली ब्रेक ऑइलचीही डबी असते. ब्रेक ऑइल स्टिअरिंगमध्ये गेलं तर तिथले रबरी सील फुगून खराब होतात. स्टिअरिंगचं तेल ब्रेकमध्ये गेलं तर ब्रेकचे सील जातात, आणि घाटात ब्रेक जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून झाकणावरचं वाचल्याशिवाय कुणालाही काही ओतू देऊ नका. वाटेतल्या टपरीवर ‘हेच चालतं ताई’ म्हणाले तरी!

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी पाच मिनिटं काढा. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन थंड. डबीवर खुणा असतात. थंड आणि गरम अशा दोन असतील तर थंडची खूण बघायची. तेल स्वच्छ दिसलं तर छान. काळपट, जळका वास किंवा फेस असेल तर मेकॅनिकला दाखवा. सकाळी जिथे गाडी उभी होती तिथे जमिनीवर डाग दिसतोय का, तेही पाहा. आपल्या खाऱ्या वाऱ्याने लोखंडी पाइप आणि क्लिप गंजतात, गळती तिथूनच सुरू होते. वरच्या थंडीत गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट तशीच चालू राहू द्या, लगेच गरागरा स्टिअरिंग फिरवू नका. आणि पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त ताणून धरू नका, पंपावर भार येतो.

शेवटची गोष्ट परतीच्या वाटेवरची. ‘उतारच आहे, पेट्रोल वाचेल’ म्हणून काही जण घाटात इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन थांबलं की पंप थांबतो, मग डबीत कितीही चांगलं तेल असो, स्टिअरिंग एकदम जड होतं. ब्रेकची मदतही जाते. चावी पार फिरवली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकतं. चार पैशांच्या पेट्रोलसाठी घरातली चार माणसं पणाला लावायची का? गाडी चालवणारं कुणीही असो, शेजारी बसून ‘इंजिन चालू ठेवा, गिअरमध्येच उतरा’ असं ठामपणे म्हणायचा हक्क आपल्याला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, या हिवाळ्यात खाऊचे डबे भरण्याआधी एकदा ती छोटी डबी बघा. तिच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. लोणच्याची बरणी न बघता आपण कधी तिच्यात हात घालत नाही, मग गाडीत न वाचता तेल कसं घालू द्यायचं?