दुखणं खेळाडूंचं, औषध निर्मात्यांचं

२०१२ मध्ये कॅनडातल्या एडमंटनमधल्या बायोवेअर या गेम कंपनीकडे सुमारे ४०० कपकेक पोहोचले. काहींवर लाल आयसिंग, काहींवर हिरवं, काहींवर निळं. चव मात्र सगळ्यांची एकच.

हा चाहत्यांचा निषेध होता. बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट’ या गेममालिकेच्या पहिल्या भागात घेतलेले निर्णय पुढच्या भागांत सोबत नेता येत. २००७ पासून असे निर्णय जपत आलेल्या खेळाडूंसमोर तिसऱ्या भागाच्या शेवटी तीन रंगांचे तीन पर्याय आले, आणि कोणताही निवडला तरी पुढची दृश्यं जवळपास सारखीच होती. त्यांचा संताप रास्त होता.

कंपनी झुकली आणि तिने शेवट बदलला, असं आजही सांगितलं जातं. तसं घडलं नाही. २६ जून २०१२ पासून मोफत मिळू लागलेल्या ‘एक्स्टेंडेड कट’मध्ये तिन्ही पर्याय जागच्या जागी होते. सोबत्यांचं पुढे काय झालं, त्या निवडीने जग कसं बदललं, हे सांगणारी दृश्यं तेवढी वाढली. शिवाय एक चौथी वाट उघडली: तिन्ही पर्याय नाकारायचे. पण ती धरली की शत्रू जिंकतो आणि आपली संस्कृती संपते! चाहत्यांचं दुखणं मान्य झालं, औषध मात्र लेखकांनी आपल्या मनाचं दिलं.

असं करणं म्हणजे चाहत्यांचा अपमान, असं काहींना वाटतं. तेही बरोबर नाही. कुठे खुपतं ते खेळाडू अचूक सांगतो. का खुपतं ते त्याला नेहमीच उमगतं असं नाही. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये अपुरा असतानाच, फक्त पहिल्या अंकासह विक्रीला आणला. फाशांवर चालणाऱ्या या गेममध्ये आपला वार सारखा हुकतो, अशी कुरकुर लगेच सुरू झाली. पण निव्वळ नशिबावर सोडलं की कधी ना कधी ओळीने चार वाईट दानं पडणारच, आणि ती पडली की खेळणाऱ्याला फासेच वैरी वाटतात. लॅरियनने फेब्रुवारी २०२१ मध्ये वाईट दानांची अशी रांग मोडणारे फासे दिले; ज्याला नकोत त्याने ते बंद ठेवावेत. पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. म्हणजे चाहत्यांचं ऐकणं गेम पूर्ण होऊन बाजारात आल्यावरच सुरू होतं, हा समजही इथे टिकत नाही.

कधी मात्र कंपनी आधी वरवरची मलमपट्टी करते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट, म्हणजे गेममधलं चलन, लागत. ओरड झाल्यावर ते १५,००० वर आणले, तरी राग शमला नाही. अखेर गेम सर्वांसाठी खुला होण्याच्या आदल्या दिवशी गेममधली खऱ्या पैशांनी होणारी खरेदीच थांबवावी लागली, आणि मार्च २०१८ मध्ये प्रगतीची अख्खी पद्धत नव्याने बांधली गेली.

‘एवढीशी दुरुस्ती, मग इतके दिवस कशाला?’ या तक्रारीचं उत्तर स्वीडनच्या ॲरोहेड कंपनीच्या ‘हेलडायव्हर्स २’मध्ये सापडतं. मे २०२४ मध्ये प्रकाशक सोनीने पीसीवरच्या खेळाडूंना सोनीचं खातं जोडण्याची सक्ती जाहीर केली. अनेक देशांत असं खातं उघडायची सोयच नव्हती. पीसी गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानावर दोन लाखांहून जास्त नकारात्मक शेरे पडले आणि तीन दिवसांत सक्ती मागे घेण्यात आली. ऑगस्टमध्ये फ्लेमथ्रोअर हे आग फेकणारं शस्त्र दुबळं केल्यावरून पुन्हा भडका उडाला, तेव्हा मात्र ॲरोहेडने ६० दिवसांचा आराखडा मांडला. सक्ती एका निर्णयाने उठते. शस्त्राचं तसं नाही: एकाची ताकद वाढवली की बाकीची शस्त्रं फिकी पडतात, शत्रू लेचेपेचे वाटू लागतात, आणि सगळं पुन्हा जुळवून, खेळून तपासावं लागतं. १७ सप्टेंबरच्या अपडेटमध्ये म्हणूनच एक फ्लेमथ्रोअर नव्हे, कितीतरी शस्त्रं एकदम बदलली.